चित्रकलेचा तास : कागदाची मागची बाजू

बारामती-इंदापूरकडचे सभागृह भरवायचे असेल तर वक्त्याने पाण्यावर बोलावे, उसावर बोलावे, फार तर इतिहासावर बोलावे. शाळेतल्या चित्रकलेच्या तासावर बोलणाऱ्याने रिकाम्या खुर्च्यांची तयारी ठेवूनच यावे. आमच्या शाळेच्या दिवसांत या तासाची प्रतिष्ठा अशी होती की, गणित मागे पडले म्हणजे चित्रकलेचा तास गणिताला जाई. गणिताचा तास चित्रकलेला गेल्याचे मात्र आम्ही कधी ऐकले नाही. तरीही हा विषय घेण्यास एक निमित्त घडले. घरातली जुनी ट्रंक आवरताना आमच्या शाळेतल्या चित्रांचा गठ्ठा हाती लागला. चित्रे पाहून फारसे कौतुक वाटले नाही. ती वाईटच होती. पण कागद उलटून पाहिले आणि आम्ही तेथेच जमिनीवर बसलो.

आमचे शिक्षण प्रथम इंदापूर तालुक्यातील एका गावी आणि पुढे बारामतीस झाले. गावच्या शाळेतील चित्रकलेच्या गुरुजींचा एक शिरस्ता होता. चित्र पुरे झाले की कागद उलटायचा आणि काढताना कोठे अडले ते मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळींत लिहायचे. चित्राला दहापैकी गुण असत, मागच्या ओळींना काहीच नसत. पण ओळी नसतील तर गुरुजी चित्र हाती घेत नसत. आम्हां मुलांना हा छळ वाटे. एक तर चित्र काढा, आणि वर ते कसे बिघडले याचा कबुलीजबाब द्या! आज इतक्या वर्षांनी वाटते की त्या तासाला आम्ही जे काही शिकलो ते बहुतेक त्या चार ओळींत आहे. ते कसे, हे सांगावयाचे तर काही चित्रे उलटीसुलटी करून दाखविली पाहिजेत.

पहिला कागद तांब्याचा आहे. वस्तुचित्र म्हणजे समोर मांडलेली वस्तू पाहून काढलेले चित्र, आणि आपल्याकडे वस्तुचित्राची सुरुवात तांब्या किंवा मडके यांनीच होते. टेबलावर घडी मोडलेले फडके, त्यावर तांब्या, शेजारी दोन कांदे, फार तर एक वांगे. आमच्या तांब्याचे तोंड डोळ्याच्या आकाराचे आले आहे, दोन्ही टोकांना अणकुचीदार. आणि बूड मात्र पट्टीने ओढल्यासारखे सरळ. मागे लिहिले आहे : “तोंड गोल आहे हे माहीत आहे, पण गोल काढले की तांब्या वाकडा होतो. बूड टेबलावर बसले आहे म्हणून सरळ काढले.”

या दोन वाक्यांत चित्रकलेतली फार मोठी अडचण आली आहे, आणि ती समजण्यासाठी पुस्तकाची गरज नाही. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हातात बांगडी असेल त्यांनी ती काढून डोळ्यासमोर आडवी धरावी. अगदी डोळ्याच्या रेषेत धरली तर बांगडी दिसत नाही, एक रेघ दिसते. ती सावकाश खाली न्यावी. रेघ फुगू लागते, लांबट अंडाकार होते, आणखी खाली नेली की अधिक गोल होते, आणि पायापाशी नेऊन वरून पाहिली की पुरी वर्तुळ होते. बांगडी तीच आहे. बदलला तो डोळ्याचा आणि तिचा संबंध. तांब्याचे तोंड डोळ्याला जवळ असते म्हणून चपटे दिसते. बूड त्याच्याही खाली असते म्हणून त्याची कड तोंडापेक्षा अधिक गोलाईने वाकलेली दिसली पाहिजे. मुलगा बूड सरळ काढतो, कारण तांब्या सपाटीवर बसला आहे हे त्याला ठाऊक असते. तोंडाला टोके येतात, कारण अलीकडची आणि पलीकडची कड तो दोन वेगळ्या वस्तू समजून दोन कमानी काढतो आणि त्या कोपऱ्यात भेटवतो. म्हणजे चूक हाताची नव्हे. डोळा एक सांगतो, माहिती दुसरे सांगते, आणि हात बिचारा माहितीचे ऐकतो.

मुलाने मागे “कळले नाही, तोंड चुकले” एवढेच लिहिले असते तरी चालले असते. पण त्याने कारणासह लिहिले, म्हणून गुरुजींना कोठे बोट ठेवायचे ते कळले. त्यांनी वर्गातल्या एका मुलीची बांगडी मागितली. वरचा प्रयोग आमचा नव्हे, त्यांचाच.

दुसरा कागद रिंगणाचा. तुकोबांची पालखी देहूहून पंढरीस जाते ती बारामती-इंदापूरवरून. काटेवाडीस मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीस गोल रिंगण होते, इंदापुरासही होते. आमच्याकडच्या मुलाला आषाढ म्हणजे काय ते पंचांगावाचून कळते. तेव्हा स्मरणचित्राला ‘रिंगण’ हा विषय आला नाही असे वर्ष जात नसे. स्मरणचित्र म्हणजे समोर काही न ठेवता, पूर्वी पाहिलेले आठवून काढलेले चित्र.

आम्ही रिंगण कसे काढले होते? कंपासने काढल्यासारखे पुरे वर्तुळ; आत घोडा; कडेने पताका घेतलेले वारकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, टाळकरी; आणि हे सगळे लोक वर्तुळाच्या कडेवर बाहेरच्या बाजूला पाय करून पाकळ्यांसारखे उताणे पडलेले. घोडा मात्र बाजूने दिसणारा. मागच्या ओळी अशा : “मला घोडा दिसलाच नव्हता. पुढे माणसे होती. चुलत्यांनी खांद्यावर घेतले तेव्हा घोड्याचे डोके आणि धूळ दिसली. पण तसे काढले तर रिंगण आहे हे कोणाला कळणार नाही.”

ही ओळ वाचून आम्ही थबकलो. बांगडीचाच प्रश्न येथे मैदानाएवढा होऊन आला आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्याला मोठे रिंगण वर्तुळ दिसत नाही. ते चपटे होत होत जवळजवळ एका ओळीत येते, आणि तीही ओळ माणसांच्या पाठीमागे दडते. म्हणून तर लोक झाडावर, घराच्या धाब्यावर, ट्रॅक्टरच्या टपावर चढतात. बांगडी खाली नेली काय आणि डोळा वर नेला काय, परिणाम एकच.

मग वरून काढलेले आमचे वर्तुळ चुकले होते काय? येथे जरा थांबावे लागेल, कारण या प्रश्नावर पालक, शिक्षक आणि परीक्षक तिघेही घाई करतात. फ्रान्समध्ये लुके नावाच्या अभ्यासकाने मुलांच्या चित्रांवर 1927 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की, विशिष्ट वयापर्यंत मूल दिसते ते काढीत नाही, माहीत असते ते काढते. घराच्या भिंतीआडची चूल त्याला माहीत आहे, म्हणून भिंत पारदर्शक होते. रिंगण गोल आहे, म्हणून ते गोलच निघते. ही मुलाची एक वेगळी, पण पुरी सुसंगत रीत आहे. आणि ती फक्त मुलांचीच आहे असेही नाही. ठाणे-पालघरकडील वारली चित्रांत तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची माळ वळत जाते ती वरूनच पाहिलेली असते, आणि माणसे मात्र समोरून. त्या चित्राला कोणी चुकीचे म्हणत नाही, म्हणूही नये. नाचाचा फेर हा त्या चित्राचा विषय आहे, आणि फेर वरूनच कळतो.

तेव्हा रिंगण वरून काढणे ठीक आणि चुलत्याच्या खांद्यावरून काढणेही ठीक. फरक एवढाच की पहिले चित्र वर्गातल्या बहुतेक मुलांनी काढले होते, आणि दुसरे काढण्यासारखे फक्त आमच्यापाशी होते. धूळ, घोड्याचे डोके, पुढच्या माणसाचे पागोटे आणि चुलत्यांच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास. वास कागदावर येत नाही, पण बाकीचे आले असते. ते आम्ही ‘कोणाला कळणार नाही’ म्हणून टाकून दिले. गुरुजींनी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने एक रेघ ओढली आहे आणि काहीच लिहिलेले नाही. त्या वेळी ती रेघ शिक्षा वाटली होती.

स्मरणचित्राची ही गोष्ट थोडी अधिक सांगितली पाहिजे, कारण आज खरी पंचाईत याच विषयाची आहे. आपल्या राज्यात कला संचालनालयातर्फे शाळकरी मुलांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन ही त्यांतली मुख्य अंगे. यांतले संकल्पचित्र म्हणजे दिलेल्या चौकटीत, ठराविक रंगांत रचलेली नक्षी. पुष्कळ मुलांना ते कंटाळवाणे वाटते, आम्हांसही वाटे. बारामतीच्या शाळेत त्यावर एक उतारा आम्हांस मिळाला तो मराठीच्या तासाला. मोरोपंत (1729–1794) या बारामतीचेच. पन्हाळ्यास जन्मले तरी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने त्यांचे आयुष्य येथे गेले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली असे सांगतात. त्यांतले एक निरोष्ठ रामायण : ओठ ज्यांत मिटतात अशी पफबभम ही अक्षरेच त्यात वापरायची नाहीत. आता गंमत पाहावी. ‘राम’ या नावातच म आहे. म्हणजे रामाचे नाव न घेता रामायण सांगायचे! कोणी याला शब्दांची कसरत म्हणेल. पण ज्याने चौकोनात फक्त दोन रंगांनी नक्षी बसविण्याची खटपट केली आहे त्याला कळते की, हातातले एक साधन काढून घेतले म्हणजे उरलेल्या साधनांकडे माणूस प्रथमच नीट पाहतो. असो. संकल्पचित्रावर एवढेच.

स्मरणचित्राकडे वळू. या परीक्षांचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. 1857 साली मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली. तिचे आरंभीचे शिक्षक लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या वळणात तयार झालेले. ते वळण शिस्तीचे : आधी छापील नमुन्यावरून रेषा, मग भूमिती, मग प्लास्टरचे पुतळे, मग वस्तू. कारागिराचा हात नेमका व्हावा हा त्यामागचा हेतू. या पद्धतीला पुढे पुष्कळ नावे ठेवली गेली. तथापि नुसती नक्कल म्हणजे वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या भिंतीवरील चित्रांच्या नकला केल्या. ते विद्यार्थी अंधाऱ्या लेण्यात भिंतीसमोर उभे राहून एकेक रेघ ताडून पाहत होते. समोर मूळ होते, हातात कागद होता, आणि दोहोंतला फरक रोज दिसत होता.

आज शहरातल्या आणि तालुक्याच्या गावातल्या शिकवणी वर्गांत स्मरणचित्राचे जे चालते त्यात मूळच नसते. बाजार, बसथांबा, विहीर, सण, अपघात असे दहा-बारा विषय ठरलेले. प्रत्येकाचे एक तयार चित्र. डाव्या कोपऱ्यात पाठमोरी बाई, मधे हात वर केलेला पुरुष, उजवीकडे कुत्रे, मागे झाड. मूल हे चित्र वीस वेळा गिरवते आणि परीक्षेत उतरविते. भाजीबाजाराचा विषय आला तर पाठमोऱ्या बाईच्या हातात पिशवी, पालखीचा आला तर तिच्याच डोक्यावर तुळस. इंटरमिजिएटमध्ये मिळालेल्या श्रेणीवर दहावीच्या निकालात काही वाढीव गुण मिळतात, त्यामुळे या व्यवहाराला बळ आले आहे. मुलांचा किंवा पालकांचा यात दोष काढण्यात अर्थ नाही. जेथे गुण आहेत तेथे वाट पडणारच. पण नाव स्मरणचित्राचे आणि काम पाठांतराचे, ही फसगत तरी ओळखली पाहिजे. बारामतीस आल्यावर आम्हीही असल्या एका वर्गास गेलो. आमच्या गठ्ठ्यात त्या वर्षाची पंधरा-सोळा स्मरणचित्रे आहेत. चांगली सुबक आहेत. त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत.

खरे स्मरणचित्र म्हणजे काय याचा विचार एका फ्रेंच शिक्षकाने शंभरावर वर्षांपूर्वी केला होता. लकॉक द ब्वाबोद्रां हे त्याचे नाव. पॅरिसमधील चित्रकलेच्या एका शाळेत तो शिकवीत असे. पुढे शिल्पकार म्हणून जगप्रसिद्ध झालेला रोदँ हा त्याच शाळेत त्याच्या हाताखाली शिकला. लकॉकची रीत साधी होती. वस्तू पाहा, नीट पाहा, मग तिच्याकडे पाठ करून, दुसऱ्या ठिकाणी जाऊन ती काढा, आणि मग परत येऊन मूळ वस्तूशी ताडून पाहा. आरंभी एखादी रेघ, एखादे नाक; पुढे पुढे चालता माणूस, मोकळ्या हवेतला प्रसंग. या रीतीत सगळे महत्त्व परत येऊन ताडण्याला आहे. आठवण कोठे खरी निघाली आणि कोठे आपण रिकाम्या जागी काहीतरी भरून टाकले, ते त्या वेळी कळते. विसरले हे कळणे हाही पाहण्याचाच भाग आहे.

1960 साली गोम्ब्रिख या कलेतिहासकाराने याच्याही मागे जाऊन एक मुद्दा मांडला. कोणाचाही डोळा कोरा नसतो, असे त्याचे म्हणणे. चित्रकार आधी एक ठोकताळा कागदावर ठेवतो, मग तो वस्तूशी जुळतो की नाही ते पाहून दुरुस्त करीत जातो. आधी करणे, मग ताडणे. आम्हांस हे पटते, कारण आमचा एक ठोकताळा आम्ही डोळ्यांनी मोडताना पाहिला आहे.

तो कागद रोहित पक्ष्याचा. कोणी त्याला अग्निपंख म्हणतात, कोणी फ्लेमिंगो. उजनीचे पाणी अडले तेव्हापासून इंदापूर तालुक्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला हिवाळ्यापासून हे पक्षी थव्यांनी उतरतात. पुण्यामुंबईची माणसे लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन येतात आणि गावातले कोळी त्यांना नावेतून जवळ नेतात. आम्ही प्रथम हा पक्षी काढला तो वर्गात बसून. त्याचे पाय लांब आहेत एवढे ठाऊक होते. पायाच्या मध्यावर सांधा येतो हेही ठाऊक होते. मग गुडघा जसा वाकतो तसा तो पुढे वाकविला. मागची ओळ : “पाय माणसासारखे झाले. का ते कळत नाही.”

पुढच्या रविवारी गुरुजी आम्हां सहा-सात जणांना काठावर घेऊन गेले. तेथे दिसले की पक्षी चालताना तो मधला सांधा मागे मोडतो. आम्ही हसलो; पाय उलटे बसविले आहेत असे एक जण म्हणाला. गुरुजींनी सांगितले की तो गुडघा नव्हेच, तो घोटा आहे. गुडघा वर, पोटापाशी पिसांत झाकलेला असतो, आणि ज्याला आपण पाऊल म्हणतो ती सगळी लांब काठी खाली आहे. म्हणजे तो पक्षी सदा चवड्यांवर उभा असतो. चोचही तशीच. मधेच खाली वाकलेली, जणू कोणी मोडली आहे. खाताना तो डोके पाण्यात उलटे घालतो तेव्हा त्या वाकण्याचा अर्थ लागतो. दुसऱ्या कागदावरचा आमचा पक्षी पहिल्यापेक्षा फार बरा आहे असे नाही. पण पाय मागे मोडतो. त्याच्या पाठीवर अकरा ओळी आहेत, आणि अक्षर उतावीळ आहे.

यावरून कोणी म्हणेल की आज हे सारे सोपे झाले आहे, मोबाइलवर पाहिजे त्या पक्ष्याचे चित्र क्षणात मिळते. मिळते खरे, आणि उपयोगीही पडते. आम्ही बारामतीच्या बाजारात शाळेच्या प्रकल्पांचे सामान पाहून आलो. तयार तक्ते, तयार पक्षी, कापून चिकटवायचे किल्ले, सगळे मिळते. रात्री नऊ वाजता दुकानात बापलेक उभे असतात, उद्या प्रकल्प द्यायचा असतो, बाप दमलेला असतो. आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो आहो. दोष देणारे आम्ही कोण? एवढेच वाटले की विकत घेतलेल्या पक्ष्याच्या पायाने मुलाला अडविलेच नाही. त्याच्या मागे लिहायचे तरी काय? दिवाळीत हीच मुले अंगणात चिखलाचा किल्ला करतात, बुरूज ढासळतो, पुन्हा लिंपतात, वर अळीव पेरतात, आणि या खटाटोपाला कोणी गुण देत नाही.

आता शेवटचा कागद. तो आम्हांस सर्वांत जड वाटतो.

आमच्या आजीचे माहेर पळसदेव. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठचे हे जुने गाव. उजनी धरण 1980 साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली जी गावे गेली त्यांतले हे एक. गाव उठून पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला आले. पळसनाथाचे जुने दगडी देऊळ मात्र पाण्यातच राहिले. एरवी ते दिसत नाही, किंवा शिखराचा तुकडा तेवढा दिसतो. फार मोठ्या दुष्काळात पाणी ओसरले की सबंध देऊळ उघडे पडते.

आठवीत आम्हांस ‘आमच्या परिसरातील वास्तू’ असा प्रकल्प मिळाला. बाकीच्यांनी इंदापूरची मालोजीराजांची गढी घेतली, कोणी नीरा-नरसिंहपूर घेतले. आम्ही ऐट म्हणून पाण्याखालचे देऊळ घेतले. ते आम्ही पाहिलेले नव्हते. आजीने पाहिले होते. लग्न होईपर्यंत रोज पाहिले होते. तेव्हा आम्ही कागद घेऊन तिच्यापुढे बसलो आणि ती सांगू लागली. आम्ही काढीत होतो. शिखर आले तेव्हा ती कागदाकडे वाकून म्हणाली, “आरं, असं गुळगुळीत न्हवतं ते. मक्याच्या कणसावानी व्हतं. दाणं दाणं, वळीनं वर गेल्यालं.”

मक्याचे कणीस! आम्हांस हसू आले. देवळाचे शिखर कणसासारखे कसे असेल? घरात भिंतीवर एक दिनदर्शिका होती. तिच्यावर कोठल्याशा देवळाचे रंगीत चित्र होते. त्याचे शिखर निमुळते, सुबक, वर कळस, कळसावर भगवा. आम्ही ते उतरविले. आजी एकदा म्हणाली, “न्हाई बा तसं,” आणि मग गप्प राहून शेंगा फोडू लागली. चित्राला दहापैकी आठ मिळाले. पाठीवर आमच्या अक्षरात आहे : “शिखर चांगले जमले. अडले काही नाही.” आजीचे नावसुद्धा तेथे नाही.

2024 च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा फारच खाली गेला आणि देऊळ उघडे पडल्याची बातमी आली. आम्ही गेलो. सोबत तो कागद नेला. हसे होईल म्हणून पिशवीतच ठेवला होता. वाटेत भेगाळलेला गाळ, शिंपले, कोठे कोठे घरांच्या जोत्यांचे दगड. पुढे देऊळ. बरीच माणसे पाहायला आली होती, पोरे मोबाइलवर छायाचित्रे घेत होती. आम्ही शिखराकडे पाहिले.

ज्यांना देवळांच्या बांधणीची माहिती आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. दख्खनच्या जुन्या देवळांत भूमिज नावाची एक पद्धत आहे. त्यात शिखर एकसंध चढत नाही. एकावर एक मजले, आणि प्रत्येक मजल्यावर शिखराच्याच लहान लहान प्रतिकृती ओळीने बसविलेल्या असतात, वर जाताना लहान होत गेलेल्या. पाण्याने आणि काळाने झिजलेले ते शिखर दुरून पाहिले तर कशासारखे दिसते, हे आम्ही लिहिण्याची गरज नाही. ज्या बाईने शाळा पाहिली नव्हती तिने आम्हांस भूमिज शिखराचे नेमके वर्णन एका उपमेत दिले होते. आम्ही तेव्हाच विचारले असते तर तिने आणखी काय काय सांगितले असते? कोणत्या पायरीवर बसत, सभामंडपात उजेड कोठून येई, जत्रेला दुकाने कोठे मांडत? ती जाऊन आता नऊ वर्षे झाली.

देवळाच्या सावलीत बसून आम्ही कागद काढला आणि उलटा केला. तो इतका जुना झाला आहे की पेन्सिल टेकविली तरी फाटू पाहतो. म्हणून हलक्या हाताने, “अडले काही नाही” या ओळीच्या खाली लिहिले : “शिखर चुकले. दिनदर्शिकेवरून काढले होते. आजी सांगत होती तसे आहे.” मग पुढच्या बाजूला नवे शिखर काढायला जागा उरली नव्हती, ते शेजारच्या मुलाकडून वहीचे पान मागून घेऊन त्यावर काढले. तासभर लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या दाण्यांची संख्या अजूनही जुळत नाही.